बाल संरक्षणात काम करणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती आहे. ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टाकून दिलेली, हरवलेली, घरातून पळालेली, मारहाण किंवा अत्याचार सोसलेली, लग्नाच्या मांडवातून सोडवलेली मुलं बाल कल्याण समितीपुढे हजर केली जातात. मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून. मग समिती आमच्याकडून सामाजिक तपासणी अहवाल मागवते. आम्ही त्या मुलाच्या घरी जातो, शेजारी, शाळा, अंगणवाडीताई, पोलीस पाटील सगळ्यांशी बोलतो आणि मूल घरी द्यावं की संस्थेत ठेवावं याबद्दल मत लिहून देतो. मुदत १५ दिवस.

अलीकडेच आमचं ताणतणाव व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं. प्राणायाम, सकारात्मक विचार, ऑफिसचं काम ऑफिसातच ठेवणं. सर मनापासून शिकवत होते. माझ्या शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, "सर, ज्या मुलीला घरी पाठवायला हरकत नाही असं मी लिहून दिलं, ती आज रात्री नीट झोपली असेल ना, हे मी कुणाला विचारू?" सर गप्प झाले. त्यांचा दोष नाही, तो प्रश्न प्राणायामाने सुटणारा नव्हताच.

मुलांचं सगळं ऐकून त्रास होतोच. पण माझ्या मते माणसाला आतून पोखरते ती एकटीने केलेली शिफारस. घर आपण पाहिलेलं असतं, बापाच्या डोळ्यात आपण पाहिलेलं असतं, आणि नंतर त्यावर बोलायला ऑफिसात कुणीच नसतं. या कामातल्या किंवा जवळपासच्या लोकांना विचारायचंय: तुम्ही कशाच्या जोरावर टिकलात? खरोखर उपयोगी पडलेलं सांगा.

माळरान

या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. वाचतोय.

मनमाडकर

ताई, मी काही वर्षं उत्तर महाराष्ट्रातल्या एका मोठ्या जंक्शनवर मुलांच्या मदत कक्षात होतो. रात्रपाळीला गाडी लागली की डबे बघत फिरायचं. पळून आलेलं पोरगं ओळखू येतं. सामान नसतं, चप्पल असली तर मोठ्याची असते, आणि टीसी दिसला की ते संडासाकडे सरकतं.

आमच्या पाळीत कायम दोघं असायचो आणि मला वाटतं त्यावरच आम्ही तरलो. मूल समितीकडे सोपवलं की सकाळी टपरीवर चहा घेताना रात्रीचं सगळं बोलून व्हायचं. दुसरी गोष्ट म्हणजे निरोप. आपल्याला मुलाची फक्त वाईट सुरुवात दिसते, पुढचं काही कळत नाही. एका बालगृहाच्या अधीक्षिका मात्र आठवणीने फोन करायच्या: "तुझा तो बिहारचा पोऱ्या घरी पोचला, आईने फोनवर रडून आभार मानले." त्या एका फोनवर महिनाभर काम करायची ताकद यायची. बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, फॉर्ममध्येही कुठे तसा रकाना नाही.

स्पष्टवक्ता

कुणाला दुखवायचं नाही, पण पोलीस, नर्स, शवविच्छेदन करणारे, अग्निशमनवाले, सगळेच भयंकर गोष्टी पाहतात. ते रोज ड्युटी करतात आणि घरी जातात. समाजकार्य शिकतानाच माहीत असतं की हे असं असणार. मग वेगळं काय?

निवळशंख

@स्पष्टवक्ता, नर्स आणि पोलीससुद्धा मोडतात, फक्त ते बोलत नाहीत. मी समुपदेशक आहे, माझ्याकडे तिन्ही क्षेत्रांतली माणसं येतात.

दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. एक म्हणजे कामाच्या ओझ्याने येणारं रितेपण. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर लिहिलं, न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांना पाहून. जास्त केसेस, कमी माणसं, कमी पगार यातून ते येतं आणि ओझं कमी झालं की बऱ्यापैकी भरून निघतं. दुसरं म्हणजे दुसऱ्याचा आघात आपल्या अंगात शिरणं. चार्ल्स फिग्ली यांनी नव्वदच्या दशकात त्याची मांडणी केली. इथे केसेस कमी असल्या तरी त्रास होतो. स्वतःच्या मुलीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की हातपाय गार पडतात. सख्ख्या भावाजवळ मूल सोडताना मनात नको ते येतं. मुलाने सांगितलेला प्रसंग आपण पाहिल्यासारखा डोळ्यांसमोर येतो.

जी कार्यकर्ती येऊन रडते, तिच्याबरोबर काम करता येतं. मला जास्त काळजी वाटते ती "आता मला काही वाटत नाही हो मॅडम" असं शांतपणे सांगणारीची. कारण तीच उद्या एखाद्या मुलाच्या अंगावरचा वळ पाहून 'किरकोळ' असं लिहून टाकू शकते. म्हणजे हा प्रश्न कर्मचाऱ्याच्या सुखाचा आहेच, पण मुलाच्या सुरक्षिततेचाही आहे.

आणि ताई, तुमच्या मैत्रिणीला झोप लागत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेतावरचा

माझी बायको या कामात आहे म्हणून लिहितो. आमच्या लेकीला ती शेजारच्या घरी खेळायला जाऊ देत नव्हती. सुरुवातीला मला राग यायचा, भांडणं व्हायची. निवळशंख यांचं वाचून आज बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

ती केसबद्दल घरात काही सांगत नाही, सांगायचंही नसतं. मीही विचारत नाही. पण समितीच्या बैठकीच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. ती आली की तासभर तिला कुणी काही विचारायचं नाही, हे आता लेकीलाही माहीत झालंय. पिठलं-भाकरी करतो, ती जेवते, आणि मग आपणहून बोलायला लागते, बहुतेक वेळा भलत्याच विषयावर.

चकली

शेतावरचादादा, भाकरीची कृती पाककलेच्या विभागात टाका, इथल्या निम्म्या नवऱ्यांना टॅग करायचंय :)

जुनाजाणता

मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून निवृत्त झालो. १९८६ चा बाल न्याय कायदा, २००० चा, मग २०१५ चा, तिन्ही पाहिले. १०९८ ही संकटातल्या मुलांसाठीची फोन सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, तेव्हा आम्ही तरुण होतो आणि भारावलो होतो.

मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे अधीक्षक अहवालावर सही करण्याआधी समोर बसवायचे आणि विचारायचे, "घरात पाणी कोण भरतं? पोरगं झोपतं कुठे? बाप दारू प्यायल्यावर आई कुठे जाते?" उत्तर देता आलं नाही की पुन्हा गृहभेट. तेव्हा वैताग यायचा. पण सही झाली की तो अहवाल दोघांचा व्हायचा. पुढे एका प्रकरणात आमचा अंदाज चुकीचा निघाला, वर्तमानपत्रात आलं, तेव्हा साहेब पत्रकारांसमोर स्वतः उभे राहिले. माझं नाव त्यांनी उच्चारलं नाही.

आज तरुण मुलं-मुली कंत्राटावर आहेत, वर्षाकाठी मुदतवाढीची वाट बघतात. वरिष्ठाचं पद रिकामं असतं किंवा एकाच माणसाकडे दोन जागांचा कार्यभार. कोण कुणाला समोर बसवून विचारणार?

गोदाकाठची

@जुनाजाणता काका, अगदी हेच म्हणायचं होतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक कार्यकर्त्याचं मानधन १८,५३६ रुपये आहे आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याचं १०,५९२. एवढ्यात घरभाडं, गाडीचं पेट्रोल, मुलांची फी. पैसे वाढावेत असं वाटतंच. पण दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर लागलेली एक हुशार मुलगी सोडून गेली, ती जाताना म्हणाली, "पगाराचं मी निभावलं असतं. माझा अहवाल कुणी वाचत नाही, हे नाही निभावलं."

नवीआई

थोडं अवांतर, माफ करा. आमच्या इमारतीत एका घरातून लहान मुलाच्या ओरडण्याचा आवाज येतो, मारत असावेत. १०९८ अजून चालू आहे का? आपलं नाव कळतं का त्यांना?

मनमाडकर

चालू आहे. २०२३ पासून ती सेवा राज्याच्या महिला व बाल विकास विभागाकडे गेली आणि ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक तोच. सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. पुरावा गोळा करायला जाऊ नका, मुलाला खोदून विचारू नका. कुठल्या मजल्यावर, किती वाजता, काय ऐकलं एवढं सांगा.

वकीलसाहेबा

त्यात भर: लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर कळवणं ऐच्छिक नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा आहे. शाळा, दवाखाने "आमची बदनामी होईल" म्हणून दडपतात, तेव्हा संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते हे त्यांना सांगावं.

धाग्याच्या विषयावर: कार्यकर्त्यांना कोर्टाची फार धास्ती असते. केस उभी राहते तोवर काळ लोटलेला असतो, बदली झालेली असते, आणि अचानक साक्षीचं समन्स येतं. उलटतपासणीत वकील विचारतो, त्या दिवशी मुलीने कोणते शब्द वापरले? ज्यांनी त्याच दिवशी, मुलीच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून टिपण केलेलं असतं ते शांतपणे उत्तर देतात. बाकीचे आधीचे आठ दिवस जेवत नाहीत.

सीनाकाठचा

मी ग्रामसेवक. लोकांना वाटतं आमचं काम घरपट्टी आणि दाखले. पण गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे आम्हीच. मुलीचं वय १८ च्या आत असेल तर लग्न थांबवायची जबाबदारी आमची, अंगणवाडीताई मदतीला.

ऊसतोडीला जाणारं गाव. आई-बाप सहा महिने कारखान्यावर, वयात आलेली पोर झोपडीत एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्न उरकतात. फोन येतो, पोलीस घेऊन जातो, मांडवात उभा राहतो. जेवणाच्या पंगती पडलेल्या असतात. नवरीचा आजा माझ्यासमोर टोपी काढून ठेवतो. लग्न थांबतं. दुसऱ्या दिवशी मला त्याच गावात ग्रामसभा घ्यायची असते. त्याच माणसाच्या घरकुलाच्या कागदावर माझी सही लागते. तो म्हणतो, "भाऊसाहेब, आमच्या पोरीचं आता कोण करणार, तुम्ही?" हा प्रश्न मी घरी नेतो. कुठे ठेवून येऊ?

गोदाकाठची

@सीनाकाठचा दादा, तुम्ही मुलगी आणता तिथून पुढचं मी बघते. समितीपुढे बसते तेव्हा तिच्या हाताची हळद गेलेली नसते. एका पंधरा वर्षांच्या मुलीला सही करायला सांगितली तर कागदावर पिवळा अंगठा उमटला. वडील हमीपत्र लिहून देतात की अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. मुलगी घरी जायचं म्हणते, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही. मी अहवालात लिहायचं काय? घरी पाठवलं तर दुसऱ्या तालुक्यात, रात्रीतून, देवळात लग्न लागण्याची भीती. संस्थेत ठेवलं तर शाळा तुटते, पोर खंगते.

तिला बालसंगोपन योजनेत बसवता येईल का ते पाहिलं, महिना २,२५० रुपये मिळाले असते. पण ती योजना अनाथ, एकपालक, आजारी पालकांच्या मुलांसाठी, हिचे आईवडील दोघे धडधाकट आणि दोघे उसाच्या फडात. शेवटी मुख्याध्यापिकेशी बोलून तिला वसतिगृहात जागा मिळवली. आता नववीत आहे. दर सोमवारी बाई मला मेसेज टाकतात, 'हजर'. एवढा एकच शब्द. मनमाडकर म्हणतात तो निरोप हाच.

कृष्णाकाठ

मी एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीचा सदस्य होतो, मुदत संपली. ताईंच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. निर्णय तुमच्या एकटीचा नसतो. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आदेशावर सह्या आमच्या असतात. कार्यकर्ते स्वतःवर नको तेवढं घेतात.

गोदाकाठची

सर, आदरपूर्वक सांगते. ते घर पाचांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं. दिवसभरात अनेक मुलं समोर येतात, तुम्ही माझ्या शेवटच्या परिच्छेदावर विसंबता. सही तुमची, पण रात्री जाग मला येते.

कृष्णाकाठ

मान्य. घर आम्ही पाहिलेलं नसतं हे खरं आहे.

मग अनुभवातून दोन सूचना करतो. जे पाहता आलं नाही ते अहवालात स्पष्ट लिहा. 'वडील भेटले नाहीत', 'मुलीशी आईच्या गैरहजेरीत बोलता आलं नाही', 'घराला आतून कडी नाही'. बरेच जण शिफारस ठाम वाटावी म्हणून या ओळी गाळतात आणि मग ती शंका त्यांच्याच मनात राहते. लिहिलीत की ती समितीची जबाबदारी होते. दुसरं, घरी पाठवायची शिफारस करताना पाठपुराव्याच्या तारखा मागा. पहिली भेट पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असा आदेशच घ्या. आदेश असला की तुम्हाला गाडी मागता येते, वेळ मागता येतो आणि मुलगी कशी आहे ते डोळ्यांनी बघता येतं. मैत्रिणीच्या प्रश्नाला मला तरी हेच उत्तर दिसतं.

थेम्सकाठी

मुंबईत शिकून आता इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या मुलांच्या विभागात काम करते. इथे नव्या सोशल वर्करला पहिल्या वर्षी मुद्दाम कमी केसेस देतात, २०१२ पासून ती रीत आहे. वरिष्ठाबरोबर ठरावीक काळाने बसावंच लागतं, त्याची नोंद होते.

पण हे असलं की सगळं आलबेल असं समजू नका. इथेही माणसं भराभर सोडून जातात. त्या वरिष्ठासोबतच्या बैठकीत 'हा फॉर्म भरला का, तो व्हिजिट झाला का' एवढंच होऊ शकतं, आणि मग ती हजेरी घेतल्यासारखी वाटते. जुनाजाणता काकांचे साहेब 'पोरगं झोपतं कुठे' विचारायचे, तशी विचारणारी वरिष्ठ मला इथे एकच भेटली.

शिवाय दोषारोप. २००७ मध्ये लंडनच्या हॅरिंगे भागात एक बाळ घरातल्या छळाने गेलं. त्यानंतर एका वर्तमानपत्राने कर्मचाऱ्यांना काढून टाका म्हणून वाचकांच्या सह्यांची मोहीम चालवली. पुढे देशभरात मुलं ताब्यात घेण्यासाठीचे अर्ज वाढले. घाबरलेला कार्यकर्ता घराला संधी देत नाही, मूल उचलतो. काकांच्या साहेबांनी पत्रकारांसमोर उभं राहणं किती मोलाचं होतं ते इथे बसून जास्त कळतं.

स्पष्टवक्ता

सगळे प्रतिसाद वाचले. माझा समज होता की हा 'मन घट्ट करा' इतकाच विषय आहे. पोलिसाबरोबर निदान ठाणं असतं, नर्सबरोबर वॉर्ड असतो. तुमच्याकडे ते नाही, हा फरक पटला. पण एक राहून राहून वाटतं. सरकार पदं भरेल तेव्हा भरेल, तोवर काय करायचं ते ठरवा. नाहीतर धागा तक्रारीवर संपेल.

निवळशंख

+१. मी सुरुवात करायला तयार आहे. महिन्यातून दोन शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बसू. मी पैसे घेणार नाही. उपदेश होणार नाही, एकाने एक प्रकरण मांडायचं आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, काकांच्या साहेबांसारखे.

वकीलसाहेबा

नियम आधी ठरवा. मुलाचं नाव, गाव, शाळा, जात, प्रसंगाची तारीख काहीही नाही. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आपल्या सगळ्यांना लागू आहे. रेकॉर्डिंग नाही. स्क्रीनशॉट नाही. मी पहिल्या बैठकीला येते आणि हे समजावून सांगते.

जुनाजाणता

मी येईन. निवृत्तीनंतर लोक सत्काराला बोलावतात, कामाला कुणी बोलवत नाही. प्रश्न विचारायला मला नक्की बसवा.

सीनाकाठचा

ग्रामसेवक चालतील का? आणि आमच्या अंगणवाडीताईंना पण यायचंय, पण त्यांच्या वस्तीवर रेंज नाही. साध्या फोनवरून जोडता आलं तर बघा.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार मला जमतो, मैत्रीणही येतेय. कृष्णाकाठ सरांच्या सूचनेनुसार तिने त्या मुलीच्या पाठपुराव्यासाठी समितीकडे अर्ज टाकलाय.

सीनाकाठचे दादा, ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई दोघांनी यायलाच हवं. मांडवात पहिले तुम्हीच उभे राहता. रेंज नसेल तर मी माझ्या दुसऱ्या फोनवरून ताईंना कॉल लावून स्पीकरवर ठेवीन. ज्यांना यायचंय त्यांनी मला व्यनि करा, जिल्हा आणि हुद्दा एवढंच लिहा. क्षेत्रीय कार्यकर्त्यांना आधी जागा, कारण प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव नेहमी शेवटी येतं. वेळ संध्याकाळी सात ठेवूया का? सहाला अनेकांच्या समितीच्या बैठका संपलेल्या नसतात.

शेतावरचा

सात चालेल. बायकोचं नाव धरा. स्वयंपाक माझ्याकडे.